अर्धा इंच

लिफ्ट बदलणार असल्याचं पत्र आलं
पिवळ्या कागदावर, ठसठशीत अक्षरांत,
आम्हां म्हाताऱ्यांना दिसावं म्हणून.
सुटे भाग आता कुठेच बनत नाहीत, असं त्यात होतं.
मर्डो गॅलब्रेथ म्हणाला, माझ्या गुडघ्याबद्दल
हॉस्पिटलनं हेच कळवलंय,
फक्त कागद पांढरा होता.

अकरा आठवडे.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही नऊ जण,
सगळ्यांची वयं मिळून सातशे चाळीसच्या आसपास,
आणि जिन्याच्या पायऱ्या चोपन्न.

जुनी लिफ्ट तिसऱ्यावर कधी नीट थांबली नाही.
अर्धा इंच खाली.
ग्रीनॉकच्या या इमारतीत मी राहायला आले
तेव्हा एफी लेनक्सनं दारातच सांगितलं,
कचऱ्याचा वार नाही, हीटरची कळ नाही,
तिनं सांगितलं: तिसऱ्यावर उतरताना पाऊल उचल.

ओल्या कोटांचा वास यायचा तिला,
शुक्रवारी तळलेल्या माशाचा.
बर्टी मॅकअस्किल गेला तेव्हा
काळ्या कोटातले दोघे आले, म्हणाले,
बायांनो, जरा आपापल्या खोलीत बसा.
मी दाराच्या भिंगातून पाहिलं.
आडवा मावत नव्हता.
उभाच नेला त्याला, पट्ट्यांनी बांधून,
आठ माणसं किंवा सहाशे तीस किलो
या पितळी पाटीखाली.
मी हे कुणाला बोलले नाही.
नंतर कळलं, सगळ्यांनीच पाहिलं होतं.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवली.
इतकी वर्षं लिफ्टमध्ये आम्ही
आकड्यांकडे बघत गप्प उभे राहायचो.
खुर्चीवर धाप लागलेला माणूस बोलतो.
दुसऱ्या मजल्यावरच्या नॅन ऑरला
एक मुलगा होता हे मला असं कळलं,
सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या पायरीच्या मध्ये.

एफी मात्र खाली आलीच नाही.
दोन तरणी पोरं आली तिला खुर्चीत उचलून न्यायला.
मी सामान नाही, म्हणाली.
गुरॉकच्या बहिणीचा नव्वदावा वाढदिवस
तिनं फोन कानाला लावून साजरा केला,
खिडकीशी, नदीकडे तोंड करून.
केस वाढले. कापणारी बाई चोपन्न पायऱ्या चढेना.

मर्डोनं जहाजांच्या गोदीत उभा जन्म
पोलादी दोरखंडांशी काढलेला.
लिफ्टवाली पोरगी, आयोना,
तिनं जुन्या दोराचा हातभर तुकडा त्याला दिला.
डोळे मिटून त्यानं तो बोटांतून ओढला,
तुटलेल्या तारा मोजल्या: सतरा.
आणि यावर लोंबकळत आपण बिंगोला जात होतो,
असं म्हणाला, आणि तुकडा खिशात घातला.

नवी लिफ्ट बोलते.
दार उघडत आहे, असं दक्षिणेकडच्या बाईच्या आवाजात,
जणू आम्हाला दिसतच नाही.
घडीची सीट आहे, कठडा आहे, आरसा आहे.
प्रत्येक मजल्यावरची झाडूची खोली पाडून
तिला लांब केलंय.
स्ट्रेचर आडवं मावतं, आयोना म्हणाली,
आणि मग तिचं तिलाच कसंतरी झालं.
एफीनं टेप मागितली.
एक टोक मला धरायला लावलं, वाकून वाचलं:
दोन मीटर दहा.
छान, म्हणाली, मी पाच फूट एक,
पाय पसरून जाईन.

मग ती खाली गेली, कोट घालून,
अकरा आठवड्यांनी, दोन पावांसाठी.

आता तिसऱ्यावर लिफ्ट फरशीशी सपाट थांबते,
नाणं ठेवलं तर डगमगणार नाही.
आमचे पाय अजून उचलले जातात,
नसलेल्या अर्ध्या इंचावरून,
आणि टाच जरा जोरात आपटते.

बर्टीच्या घरात परवा नवा माणूस आला,
ड्युगल्ड नावाचा, दोन पेट्या आणि एक पोपट.
विचारत होता, तुम्ही सगळे असे
कोंबडीसारखे का उतरता?
सांगायला गेले असते तर फार वेळ लागला असता,
आणि ती बाई दार बंद होत असल्याचं सांगू लागली होती.
मी म्हटलं, पाऊल उचल.
त्यानं उचललं.